सिंधूची जबानी

संध्याकाळचे सव्वासहा वाजलेत. एप्रिलची अखेर, नागपूर. ऊन उतरलंय, पण डांबर अजून धगधगतंय. चपलेच्या तळातून ते जाणवतं. नाट्यगृहाच्या आवारात एकच कडुनिंब आहे आणि त्याच्या बुंध्याशी पन्नासएक माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. बायकांच्या डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, पुरुषांच्या मानेवर ओले रुमाल. कोपऱ्यात पन्ह्याची गाडी. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळलीय आणि तिच्याखालून पाण्याची बारीक धार रस्त्याकडे निघालीय.

तिकीटखिडकीपुढे रांग आहे. खिडकीत प्लॅन पसरलेला, त्यावर निळ्या पेन्सिलीच्या फुल्या. आतला माणूस प्रत्येकाला एकच विचारतोय, "कूलरजवळची देऊ?" एसी आठवडाभर बंद आहे. भिंतींलगत सहा मोठे कूलर आणून उभे केलेत, तेही मागच्या दारांपाशी. पुढची तिकिटं तीनशेची, मागची दीडशेची. पण आज पुढच्या रांगांना कुणी विचारत नाही. मी पाचवी रांग मागते. तो मान वर करून बघतो.

"गरम होईन ताई तिथं."

"चालेल. चेहरे दिसले पाहिजेत."

नाटकाचं परीक्षण लिहायचं तर चेहरे दिसावे लागतात. उद्या दुपारपर्यंत सातशे शब्द द्यायचे आहेत. पर्समध्ये छोटी वही आहे आणि अंधारात लिहिता यावं म्हणून जाड टोकाची पेन्सिल.

दाराशेजारी फलक. काळ्या रंगावर एक स्टीलचा पेला, दुसरं काही नाही. खाली 'एकच प्याला', त्याखाली राम गणेश गडकरी, आणि मग बारीक अक्षरात, दोन अंकी नवा रंगाविष्कार. फलकावरच्या पेल्याकडे मी बराच वेळ बघते. या नाटकाच्या जाहिरातीत आजवर काचेचा प्याला पाहिलाय, चषक पाहिलाय, बाटली तर नेहमीचीच. घरातलं पाणी प्यायचं भांडं पहिल्यांदाच बघतेय. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे ते इथूनच सुरू झालेलं दिसतं.

फाटकातून एक मिनी बस आत येते. तिच्यातून बायका उतरतात. नऊवारीतल्या दोघीतिघी, बाकी सगळ्या गोल पातळातल्या. उमरेडकडच्या कुठल्याशा गावच्या बचत गटाच्या आहेत म्हणे. आयोजकांनी मुद्दाम बोलावलंय. उतरल्या उतरल्या त्या आधी पाणी कुठं आहे ते विचारतात. मग एकमेकींचे पदर नीट करून आत येतात, घोळक्यानं, जरा बिचकत. त्यांच्यात एक साठीच्या पुढची बाई आहे. हातात कापडी पिशवी, कपाळावर मोठं कुंकू. ती दारातल्या माणसाला विचारते, "किती वेळ चालते हे?"

"दोन तास वीस मिनिटं, मावशी."

पूर्वी हे नाटक रात्रभर चालायचं. पाच अंक, भरपूर पदं आणि पदांना वन्समोअर. पात्रं पहाटे रंग पुसायची. आता सगळं दोन तास वीस मिनिटांत बसवायचं म्हणजे काय काय गेलं असेल, याचा मी मनातल्या मनात हिशेब मांडते. रामलाल, शरद आणि भगीरथ यांचं उपकथानक नक्की गेलं असणार. तळीराम गेला नसला म्हणजे मिळवली.

तळीराम ठेवायलाच हवा. या नाटकाला लागलेल्या पुष्कळ कात्र्या मी पाहिल्यात. शोकांतिका म्हटलं की काहींना विनोद अडचणीचा वाटतो. तो काढला की नाटक गंभीर होईल असा त्यांचा समज असतो. होतं उलटंच. तळीराम गेला की उरतं ते दारूच्या दुष्परिणामांवरचं भाषण, आणि भाषण कुणाला नकोच असतं. तळीराम हसवतो म्हणून तर आपण त्याच्या बैठकीत जाऊन बसतो.

पहिली घंटा होते.

आत अंधार आणि दमट वारा. कूलरमधल्या वाळ्याचा वास, त्यात खुर्च्यांच्या जुन्या रेक्झिनचा वास मिसळलेला. कूलर इतके घरघरताहेत की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जावं लागतं. बायकांचा गट सहाव्या रांगेत, बरोबर माझ्या मागे. पिशवीवाल्या मावशी माझ्या मागच्याच खुर्चीत. माझ्या डाव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ, पांढरा सदरा, मांडीवर काठी आडवी. ते आपणहून सांगतात की या नाटकातली सगळी पदं त्यांना पाठ आहेत. रेडिओवर ऐकून ऐकून झालीत. आज किती पदं ठेवलीत ते त्यांना बघायचं आहे.

"तीन," मी म्हणते. माहितीपत्रकात तसं छापलंय.

ते काठीवरचा हात उचलतात आणि परत ठेवतात. काही बोलत नाहीत.

दुसरी घंटा. तिसरी.

नांदी नाही. पडदाही नाही, रंगमंच उघडाच आहे, फक्त उजेड बदलतो. मधोमध एक लाकडी पाट, बाजूला माठ, माठावर तोच पेला. मागे मोठा पांढरा कापडी पडदा ताणलेला. सिंधू येते. सुती साडी, केसांची साधी वेणी. पेल्यात पाणी घेते, पाटाशेजारी ठेवते आणि दाराकडे बघत उभी राहते. पेला जमिनीला टेकल्याचा टक्क असा आवाज पाचव्या रांगेपर्यंत येतो. घरी माणूस यायची वेळ झाली की पाणी भरून ठेवायचं, ही सवय आपल्या कितीतरी घरांत आहे. नाटक तिथून सुरू होतं.

सुधाकर वकील आहे. काळा कोट, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या. आजच्या कुठल्याही न्यायालयाच्या पायऱ्यांवर दिसेल असा. न्यायाधीशाशी त्याचा खटका उडतो आणि सनद काही काळासाठी हातची जाते, हे सगळं दोन छोट्या प्रवेशांत उरकलंय. उरकलंय ते बरं. नट इथं एक फार चांगली गोष्ट करतो. तो चिडत नाही, त्याला लाज वाटते. घरी आल्यावर तो कोट काढतच नाही. बायको पाणी पुढे करते, तो पेला हातात धरतो आणि पीत नाही. हुशार माणसाला चारचौघांत अपमान झाल्यावर घरातल्यांच्या नजरेला नजर देता येत नाही, तसा तो आढ्याकडे बघत बसतो. गडकऱ्यांचा सुधाकर दारूनं बुडतो खरा, पण दारूच्या आधी त्याचा ताठा त्याला पोखरतो. हा नट ते समजून आलाय. मी वहीत लिहिते, 'कोट'.

मग तळीराम. त्याची एन्ट्री प्रेक्षागृहातून आहे, मागच्या दारातून. कूलरपाशी थांबून तो वारा खातो आणि दोन रांगा हसतात. हातात प्लास्टिकची खुर्ची. ती डोक्यावर धरून तो रंगमंचावर चढतो, सुधाकरच्या शेजारी मांडतो आणि बसतो. आता बैठक होणार, हे त्या एका खुर्चीवरून सगळ्यांना कळतं. हळूहळू खुर्च्या वाढतात. आर्य मदिरा मंडळाची सभा एका इमारतीच्या गच्चीवर भरते. निळ्या, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदावर शेंगदाणे, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं. संवाद मात्र बहुतांशी गडकऱ्यांचेच. शंभरावर वर्षं झाली, तरी ती कोटीमागून कोटी येणारी भाषा प्रेक्षकांना कुठंही अडत नाही. मागच्या रांगांतून हशा उसळतो. एक लाट विरते न विरते तोच दुसरी. मीही हसतेय. शेजारचे आजोबा काठीचं टोक जमिनीवर आपटून दाद देतात.

तळीराम हे या नाटकातलं एक पात्र. ते नाटकातून बाहेर पडून भाषेत शिरलं. आज ३१ डिसेंबरची बातमी लिहिताना मराठी पत्रकार तळीराम हा शब्द सहज वापरतो, आणि वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी हे नाटक उघडूनही पाहिलेलं नसतं. एखाद्या नाटककाराला याहून मोठं काय मिळावं?

हशाच्या त्या लाटेत मला एक गोष्ट उशिरानं लक्षात येते. माझ्या लगतच्या मागच्या रांगेतून हसू येत नाहीये. सातव्या रांगेतून येतंय, दहाव्यातून येतंय, बाल्कनीतून येतंय. सहावी रांग गप्प आहे. मी किंचित मान वळवते. बायका ताठ बसल्यात. पिशवी मांडीवर घेतलेल्या मावशी शेजारणीकडे वाकतात. त्यांचा आवाज बारीक आहे, पण मला ऐकू येतो.

"काहून हासून राह्यले हे लोकं?"

शेजारीण उत्तर देत नाही.

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहते. गच्चीवर पहिला पेला भरला जातो. तोच पेला, पाण्याचा. तळीरामानं तो माठावरून उचलून आणलाय. सुधाकर आधी नको म्हणतो, मग घेतो, आणि तोंड वेडंवाकडं करतो. पुन्हा हशा. सहावी रांग अजूनही गप्प.

मध्यंतर.

बाहेरच्या गॅलरीत आलूबोंड्यांचा घाणा पडलाय. काउंटरवर पाच-सहा हात एकदम पुढे. तर्रीचा तिखट वास, कागदी बश्या, सांडलेला रस्सा. बायकांच्या स्वच्छतागृहासमोर वळण घेऊन जिन्यापर्यंत गेलेली रांग. मी त्या रांगेत उभी राहते. मावशी माझ्या पुढे आहेत. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकाच्या शेंड्याकडे आलंय.

"कसं वाटतंय नाटक?" मी विचारते.

"चांगलं हाय." मग जरा थांबून, "तो तळीराम बरोब्बर केला त्या पोरानं. असेच बसतेत आमच्याकडं. पुलावर."

त्यांच्या गावात आडवी बाटली झालीय. पंचवीस-तीस वर्षांच्या एक ताई मला समजावून सांगतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर निम्म्याहून जास्त मतं पडली की गावातलं दारूचं दुकान बंद. त्यांनी घरोघर फिरून बायकांना मतदानाला नेलं. लेकुरवाळी, आजारी, सगळ्यांना. दुकान बंद झालं.

"मग?"

"मग बाजूच्या गावातून येते. दुचाकीवर."

रांग एक पाऊल पुढे सरकते. कुणीतरी गडचिरोलीचं नाव काढतं, तिथं १९९३ पासून बंदी आहे. दुसरी म्हणते, चंद्रपुरात २०१५ साली झाली होती, २०२१ ला उठवली. बोलणं वाढत नाही. या बायकांना ही वर्षं पाठ आहेत, जशी आजोबांना पदं.

आजोबा गॅलरीच्या कठड्याशी एकटे उभे आहेत. मी पन्ह्याचा एक पेला त्यांना देते. ते उत्तरेकडे बोट करतात. "सावनेर तिकडे. तासाभराची वाट. गडकरी तिथंच गेले." २३ जानेवारी १९१९. वय ३३. हे नाटक लिहून झालं होतं, पण त्यांना ते रंगभूमीवर बघायला मिळालं नाही. महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची. आजोबा हे सगळं एका दमात सांगतात आणि पन्हं तसंच हातात धरून ठेवतात. भरजरी शालूंसाठी ज्यांच्याकडे बघायला लोक यायचे ते बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळं लावलेलं लुगडं नेसले, हे सांगताना त्यांचा आवाज हलतो. त्यांनी ते पाहिलेलं नाही. वडिलांनी पाहिलं होतं.

घंटा होते. आम्ही आत जातो आणि दारातच थबकतो. काहीतरी बदललंय. आवाज नाही. सहाच्या सहा कूलर बंद आहेत.

एक मुलगा रंगमंचाच्या कडेला येऊन हात जोडतो. दुसऱ्या अंकात काही आवाज फार हलके आहेत, कूलर सुरू राहिले तर ऐकू येणार नाहीत, पंचावन्न मिनिटं सहन कराल का? प्रेक्षागृहात क्षणभर चुळबुळ. बाहेर रात्रीचे आठ वाजलेत आणि भिंती अजून तापलेल्या आहेत. मागून एक पुरुषी आवाज येतो, "करा सुरू." बस्स. कुणी उठून जात नाही.

अंधारात आवाज येतो. दगडावर दगड. घर्रर्र, मग जरा जड, मग पुन्हा घर्रर्र. उजेड हळूहळू वाढतो. पाटाच्या जागी आता जातं आहे. खरं, दगडी, खालची तळी झिजलेली, खुंटा हातांनी गुळगुळीत झालेला. सिंधू दळतेय. माहेर श्रीमंत आहे, पण तिथला पैसा घ्यायचा नाही, म्हणून ती मोलानं दळण दळते. साडीला दोन ठिकाणी टाके. एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंटा धरलेला हात फिरतोय, दुसरा हात ज्वारीची मूठ वैरतोय. शेजारी टोपल्यात बाळ म्हणून कापडाची गुंडाळी.

ती खरंच दळतेय. पीठ पडतंय. पाचव्या रांगेतून दिसतं, तळीभोवती पांढरी कड वाढत चाललीय. पहिल्या मिनिटाला ते देखणं दिसतं. तिसऱ्या मिनिटाला खांदा दुखत असणार असं वाटू लागतं. पाचव्या मिनिटाला मला माझा स्वतःचा खांदा जाणवतो. घाम तिच्या हनुवटीवरून पिठात पडतो. दिग्दर्शक घाई करत नाही. मी घड्याळ बघते. एकूण अकरा मिनिटं जातं थांबत नाही. याच काळात लोक येतात, जातात, बोलतात. सुधाकर एकदा येऊन पेला शोधून जातो. भाऊ पद्माकर येतो, समजावतो, परत जातो. ती सगळ्यांना दळता दळता उत्तरं देते.

आणि त्याच लयीत ती बाळाला उद्देशून असलेलं पद गाते. ऑर्गन नाही, तबला नाही. ठेका जात्याचा. आवाज गवयाचा नाही. दमलेल्या बाईचा आहे, मध्ये श्वास कमी पडतो आणि सूर तिथंच सुटतो. शेजारच्या आजोबांची बोटं काठीवर ताल धरायला लागतात. त्यांना ठाऊक असलेली चाल वेगळी, ताना वेगळ्या. दोन ओळी बोटं चालतात. मग थांबतात. ते डोळे मिटत नाहीत, गाणं ऐकताना मिटतात तसे. बघत राहतात.

मला हे या प्रयोगातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. दारूवरचं नाटक म्हणून आपण 'एकच प्याला'कडे बघतो आणि सगळं लक्ष पिणाऱ्यावर देतो. त्याचं पडणं, त्याचा पश्चात्ताप, पुन्हा पडणं. इथं अकरा मिनिटं फक्त जातं फिरतं, आणि पिणाऱ्याच्या घरात काम कोण करत असतं ते आपल्याला बसून बघावं लागतं. उकाड्यात, हलता न येता.

सगळंच जमलंय असं नाही. मागच्या पांढऱ्या पडद्यावर मधूनच वर्तमानपत्रांचे मथळे उमटतात. विषारी दारूचे बळी, रस्त्यावरचे अपघात. त्या क्षणी नाटक हातातून निसटतं. जातं फिरत असताना मथळे कशाला? दिग्दर्शकानं इतकं धाडस केलं, आणि मग त्याचाच प्रेक्षकांवरचा विश्वास ढळला. रामलालचंही नुकसान झालंय. शरदचं कथानक काढल्यावर त्याच्या वाट्याला नुसता उपदेश उरतो. त्याच्यातला घोटाळलेला, चुकणारा माणूस आपल्याला भेटतच नाही. तो बोलायला लागला की रांगांमधून माहितीपत्रकांचे पंखे हलू लागतात. आणि गळ्याशी लावलेले माइक घामानं दोनदा खरखरतात.

पण तळीराम मरतो तेव्हा पंखे थांबलेले असतात. त्याची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होते आणि तशीच राहते. कुणी ती विंगेत नेत नाही. पुढचं सगळं नाटक त्या खुर्चीच्या बाजूनं, तिला वळसा घालून चालतं.

आता शेवट. सुधाकर येतो. चालताना तोल जात नाही. तो फार जपून, फार नीट चालतोय. पिणाऱ्याला जवळून पाहिलेल्यांना हे जपून चालणं ओळखीचं आहे. त्याला पैसे हवेत. नाहीत. बाळ रडतंय. तो हात उगारतो आणि उजेड जातो. आपल्याला काही दिसत नाही. फक्त पेला पडल्याचा आवाज. स्टीलचा पेला फरशीवर पडून गडगडतो, गडगडत गडगडत कुठंतरी जातो, थरथरतो, थांबतो. बाळाचं रडणं थांबलेलं असतं.

उजेड येतो तेव्हा सिंधू जमिनीवर आहे. कपाळावर जखम, रक्त भुवईपर्यंत आलेलं. गुंडाळी टोपल्यात नाही, तिच्या कुशीत आहे आणि तिची पकड बघून कळतं की आता घाई कशाचीच नाही. गडकऱ्यांच्या संहितेत इथं फौजदार येतो. या प्रयोगात फौजदार बाई आहे. खाकी गणवेश, तिशीची, हातात वही. ती गुडघ्यावर बसते. आवाज मृदू. काय झालं, ताई?

या नाटकातलं आजच्या काळात सगळ्यात अवघड वळण हेच आहे. मरता मरता सिंधू नवऱ्याला वाचवते. तो दोषी नाही अशी जबानी देते. १९१९ च्या प्रेक्षकांनी यात पातिव्रत्याची परिसीमा पाहिली आणि डोळे पुसले. आज काय करायचं? मी पाहिलेल्या एका प्रयोगात सिंधूनं इथं खरं सांगितलं होतं, नवऱ्याकडे बोट दाखवून. टाळ्या पडल्या होत्या. पण नाटक तिथंच मोडलं होतं, कारण ती सिंधू नव्हती, आपली इच्छा होती. दुसऱ्या एका प्रयोगात सिंधूवर सोनेरी उजेड आणि मागे बासरी. तेही सहन झालं नव्हतं.

इथं ती नटी काय करते? काहीच नाही. फौजदार बाईकडे बघते आणि सांगते की चक्कर आली, पडले. आवाजात उमाळा नाही, त्यागाचं तेज नाही. ज्या सुरात एखादी बाई शेजारणीला सांगते की न्हाणीत पाय घसरला, कपाटाचं दार लागलं, त्या सुरात. हे ती आज पहिल्यांदा सांगत नाहीये. डॉक्टरला सांगून झालंय, भावाला सांगून झालंय, वाक्य बोलून बोलून गुळगुळीत झालंय, जात्याच्या खुंट्यासारखं. संहितेत जे व्रत आहे ते तिच्या तोंडून सवय होऊन बाहेर पडतं. तिच्यासमोर बसलेल्या बाईच्या वहीत तिच्यासाठी जागा आहे. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे. सगळं हाताच्या अंतरावर आहे, आणि ती चक्कर आली म्हणते.

फौजदार बाई लिहीत नाही. पेन उचलून धरलेलं. ती वाट बघते.

शांतता. कूलर नाहीत, पंखे नाहीत, खोकलाही नाही. साडेतीनशे माणसं घामानं निथळत बसलीत आणि एकालाही हालचाल करवत नाही. सिंधूचे ओठ कोरडे आहेत, तेही दिसतं. आणि त्या शांततेत माझ्या मानेमागून आवाज येतो. मोठा नाही. घरात बोलावं तसा.

"खरं सांग नं व माय."

कुणी शुक् करत नाही. कुणी मागे वळून बघत नाही. मीही वळत नाही. रंगमंचावर नटीच्या पापण्या हलतात. तिला ऐकू गेलंय. ती क्षणभर प्रेक्षकांच्या दिशेनं बघते, सहाव्या रांगेच्या दिशेनं. मग नजर खाली घेते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते. चक्कर आली. पडले.

फौजदार बाईचं पेन कागदाला टेकतं. लिहिण्याचा आवाज ऐकू येतो.

मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढतं. मी मघाशी गच्चीवरच्या बैठकीत किती हसले होते ते मला आठवतं. रिकामी प्लास्टिकची खुर्ची अजून तिथंच आहे. शेजारच्या आजोबांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलीय.

सुधाकरचं मरण नंतर येतं. तो पेला शोधून आणतो, पदरानं नाही, स्वतःच्या कोटाच्या बाहीनं पुसतो, शेवटचा प्याला भरतो, त्यात विष कालवतो. नट चांगला आहे, जीव ओतून करतो. पण प्रेक्षागृह अजून त्या वहीपाशीच थांबलंय. उजेड जातो. येतो. कलाकार ओळीनं उभे राहून हात जोडतात. टाळ्या लगेच येत नाहीत. मग येतात, आधी बाल्कनीतून, मग सगळीकडून, आणि बराच वेळ थांबत नाहीत.

दारं उघडतात. बाहेरची हवा आता आतल्यापेक्षा थंड आहे, रात्र झालीय. लोक हळू बोलत पायऱ्या उतरतात. दुचाक्या सुरू होतात.

मी रंगपटाकडे जाते. अरुंद बोळ, दोन पिवळे दिवे, खोबरेल तेलाचा आणि पावडरीचा वास. जात्याची पाळ दोन मुलं गोणपाटात गुंडाळताहेत. तिघं लागतील म्हणून तिसऱ्याला हाका चालल्यात. खाली साचलेलं पीठ एक मुलगी सुपलीनं भरून डब्यात घेतेय. प्रॉपर्टीच्या टेबलावर पेला ठेवलेला आहे. मी तो हातात घेते. काठाला चेमट्या, एक आजची असावी, बाकीच्या जुन्या. अंगावर ठोक्याठोक्यांनी घातलेलं नाव. लग्नात आहेर आलेल्या भांड्यावर घालतात तसं. अर्धी अक्षरं घासून गेलीत. कुणाच्या घरून आणलाय, कुणाच्या आईचा, कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. साल वाचता येतं. १९८७.

सिंधू झालेली मुलगी आरशासमोर बसलीय. उजवा हात थरथरतोय, तो तिनं मांडीवर डाव्या हाताखाली दाबून धरलाय. कपाळावरची जखम तशीच आहे.

दारात गलका होतो. बायका आल्यात. आयोजकांपैकी कुणीतरी त्यांना पुढे घालून आणलंय. बाकीच्या उंबऱ्याशीच थांबतात. मावशी पिशवी शेजारणीच्या हातात देतात आणि आत येतात. मुलीसमोर उभ्या राहतात. काही वेळ नुसत्या बघतात.

"लागलं का वं?"

"नाही मावशी. रंग आहे."

मावशींचा विश्वास बसत नाही. त्या बोट पुढे करून जखमेच्या कडेला हळूच लावतात, बोट उजेडात धरून बघतात. लाल. चिकट. मग पदराचं टोक तोंडापाशी नेऊन ओलं करतात आणि पुसायला लागतात.

"पाण्यानं नाही निघत, मावशी," रंगभूषाकार मागून म्हणतो आणि खोबरेलची बाटली पुढे करतो. मावशी तळहातावर तेल घेतात. एका हातानं मुलीची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे करतात. मुलगी डोळे मिटते. तेल लागतं तसा लाल रंग आधी पसरतो, भुवईत जातो, गालावर उतरतो, मग पदरावर यायला लागतो.

बाहेर मिनी बस हॉर्न देते. दारातून कुणीतरी हाक मारतं, "चला न मावशी, ड्रायव्हर कावून राह्यला."

"येते," मावशी म्हणतात. हनुवटी सोडत नाहीत. भुवईच्या केसांत अजून रंग आहे.